पाठीमागची जागा

मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या माणसाला पुढचे फार थोडे दिसते. चालवणाऱ्याची पाठ दिसते, त्याच्या सदऱ्याची शिवण दिसते आणि मान उंच करून त्याच्या खांद्यावरून डोकावले तर रस्त्याचा एक हातभर तुकडा दिसतो. बाकीचे सारे जग डावी-उजवीकडून येते आणि मागे जाते. लहानपणी माझ्या वाट्याला तर तेवढेही येत नसे. आमच्या वडिलांची, नानांची, येझदी होती. म्हैसूरला तयार होणाऱ्या त्या गाडीची एक मौज होती. जो दांडा पायाने मारून ती सुरू करायची, तोच दांडा पुढे वळवला की गिअरचा होई. एका अवयवाकडून दोन कामे करून घेणारी ती गाडी नानांसारख्या शाळामास्तरच्या संसाराला शोभणारीच होती. तिच्यावर आम्ही चौघे बसत असू. पेट्रोलच्या टाकीवर धाकटा, मग नाना, मग मी, आणि सर्वांच्या मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली आई. पेटीत गवत भरून बसवलेल्या आंब्यासारखी मी दोघांच्या मध्ये गच्च बसलेली असे. त्यामुळे माझ्या बालपणीचे सगळे प्रवास नानांच्या पाठीवरच्या पांढऱ्या कापडातून झालेले आहेत. घाट आला हे मला पोटात कळे, समुद्र जवळ आला हे नाकाला कळे. धाकट्याला मात्र सारे दिसत असे. आजही त्याला कुठल्या वळणावर वड आहे नि कुठे मैलाचा दगड कलला आहे हे तोंडपाठ आहे. मला आठवतो तो घामाचा, पेट्रोलचा आणि आईच्या डोक्यातल्या अबोलीचा वास. (अबोलीला वास नसतो असे लोक म्हणतात. मला तो येतो.) आम्हा भावंडांतली वाटणी अशी फार जुनी आहे.

त्याच धाकट्याचा २०२४ च्या ऑक्टोबरात, नवरात्र उलटल्यावर, फोन आला. “ताई, कोजागिरी झाली की शनिवारी गावी जाऊन येऊ. बुलेटवरून. महाबळेश्वरमार्गे उतरू आणि रविवारी ताम्हिणीतून परत.”

धाकटा आता त्रेपन्न वर्षांचा आहे आणि मी साठीला टेकले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना एकतर मधुमेह होतो नाही तर ते बुलेट घेतात. आमच्या बंधुराजांनी दोन्ही केले. माझ्या यजमानांनी बेत ऐकला, वर्तमानपत्रातून डोके वर न काढता “विम्याचा हप्ता भरलाय ना?” एवढेच विचारले आणि संमती दिली असे मी समजून चालले.

या सहलीमागे आणखी काय आहे हे मला ठाऊक होते. भावजयीच्या बोलण्यात पंधरा दिवसांपूर्वी सहज येऊन गेले होते की वकिलांनी ‘कागद’ तयार करून दिला आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लग्न झालेल्या बाईला ‘कागद’ म्हटले की तो कुठला हे सांगावे लागत नाही. हक्कसोडपत्र! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीतही तिचे पाऊल पुढे नेले, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क तिला जन्मानेच मिळतो असे निःसंदिग्धपणे सांगितले. कायदा असा एकेक पायरी चढत आला. पण प्रत्येक पायरीवर त्याच्या स्वागताला हा कागद हातात घेऊन कोणी ना कोणी भाऊ उभा असतोच. त्यात भाऊ वाईट असतो असे नाही. आमचा तर नाहीच. नाना २०२१ च्या एप्रिलात गेले, आई त्याच्या आधी. पोलादपूरच्या अलीकडचे सावित्रीकाठचे आमचे कौलारू घर तेव्हापासून बंद आहे. धाकट्याला ते दुरुस्त करायचे आहे, चार खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या आहेत, त्यासाठी बँकेचे कर्ज हवे आहे, आणि बँकेला मालक एकच असला की सोयीचे जाते. सारे कसे सरळ आणि शहाणपणाचे होते. ते मला कोणी समोर बसून सांगितले मात्र नव्हते.

पहाटे साडेपाचला गाडी दारात आली. निघण्यापूर्वी धाकट्याने मला शिरस्त्राण घातले, हनुवटीखालचा पट्टा आवळला (पूर्वी त्याच्या शाळेच्या टोपीचा बंद मी आवळत असे) आणि एक सूचना दिली.

“वळणावर मी ज्या बाजूला झुकेन त्या बाजूला तूही झुकायचं. घाबरून उलट्या बाजूला ताठ बसलीस तर गाडी वळत नाही. आपलं शहाणपण चालवू नकोस.”

यात तथ्य आहे हे मला कात्रजलाच पटले. दोन चाकांची गाडी सुकाणूने वळते त्याहून अधिक शरीराच्या झोकाने वळते, आणि मागचा माणूस ताठ राहिला तर चालवणाऱ्याला दोघांचा झोक एकट्याने द्यावा लागतो. मागे बसणे म्हणजे सामानासारखे पडून राहणे, अशी माझी समजूत होती. तसे नाही. मागचाही गाडी चालवत असतो, फक्त त्याचे श्रेय त्याला कोणी देत नाही.

शिरवळला नीरा ओलांडली, खंबाटकीचा घाट चढलो. हमरस्त्याविषयी लिहिण्यासारखे काही नसते. मालमोटारींचा धूर आणि धाब्यांच्या पाट्या. सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळलो आणि मग रस्त्याला सावली आली. वाईला ढोल्या गणपतीसमोर घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही घरून आणलेले थालीपीठ खाल्ले. कृष्णेला पाणी भरपूर होते. या गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे हे मला नेहमी फार योग्य वाटते. नदीकाठी, देवळांच्या शेजारी, जगातल्या सगळ्या विषयांच्या नोंदी अकारविल्हे लिहीत बसायचे! मी तसे धाकट्याला म्हटलेही. तो म्हणाला, “सगळ्या विषयांच्या?” आणि नदीकडे बघत राहिला. बोलायचे असेल तर आता बोलेल असे मला वाटले. तो उठला आणि डबा धुवायला गेला.

पसरणीचा घाट हा मला सह्याद्रीतला सर्वांत सभ्य घाट वाटतो. तो अंगावर येत नाही. ज्या गावावरून त्याला नाव पडले ते पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचे गाव. त्या गावाला मागे टाकून रस्ता वळसे घेत वर चढतो, आणि प्रत्येक वळशाला खालचे खोरे थोडे अधिक उलगडते. आधी वाईची घरे, मग कृष्णेचा पट्टा, मग धोमच्या धरणाचे पसरलेले पाणी, त्यापलीकडे डोंगरांच्या एकामागून एक फिकट होत गेलेल्या रांगा. पावसाळा नुकताच सरला होता. उतारांवर सोनकीची पिवळी फुले अजून शिल्लक होती. ऊन अंगाला लागत नव्हते, नुसते दिसत होते.

आणि मला एकदम काही तरी कळले. मी सलवार-कमीज घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसले होते आणि मला दोन्ही बाजू दिसत होत्या! आई आयुष्यभर नानांच्या मागे एका अंगाला पाय सोडून बसली, डावीकडे तोंड करून. तिच्या डावीला दरी आली तर तिने दरी पाहिली, कडा आला तर अर्धा तास नाकासमोरचा काळा खडक पाहिला. या घाटातून ती किती वेळा गेली असेल, पण एका खेपेत तिने तो अर्धाच पाहिला. आमच्याकडच्या बायकांच्या दोन-तीन पिढ्यांनी सगळे डोंगर असे एका कुशीवर पाहिले आहेत. तिने कधी तक्रार केली नाही. दुसरी बाजू असते हे तिला येताना कळतच असणार, तेव्हा ती बहुधा मनात दोन्ही अर्धी शिवून घेत असेल.

या घाटाला आमच्या घरात एक आख्यायिका जोडलेली आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला आले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते आणि समितीने त्या दिवशी काळी निशाणे दाखवायची हाक दिली होती. आमचे थोरले काका वीस वर्षांचे, ते दोन दिवस आधीच घर सोडून काळे फडके घेऊन निदर्शनांना गेले. नाना पंधरा वर्षांचे. त्यांना पंतप्रधान पाहायचे होते, म्हणून ते कोकणाच्या बाजूने डोंगर चढून गडावर गेले. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच वाटेने घरी आले. एकाच्या खिशात काळे फडके, दुसऱ्याच्या खिशात गडावर कोणी वाटलेले पेढे. आजीने दोघांनाही एकाच ताटात भात वाढला. ते पेढे काकांनी खाल्ले की नाही यावर पुढे चाळीस वर्षे वाद चालू होता. नाना म्हणत खाल्ले, काका म्हणत, “फडक्यात गुंडाळून दिलेस, मग खाल्ले.”

पाचगणी मी डोळे मिटून ओलांडली असे म्हटले तरी चालेल. शनिवार होता, आणि शनिवारी पाचगणीला मुंबई-पुणे राहायला येते. पुढे रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर काळे प्लॅस्टिक अंथरलेले होते आणि त्याला पाडलेल्या भोकांतून नुकती लावलेली रोपे डोकावत होती. फळाला अजून अवकाश होता. पण ‘ताजी स्ट्रॉबेरी’ या पाट्यांना तेवढे थांबवत नव्हते.

क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला, आम्ही थांबलो. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांची पाणी शेजारीशेजारी भिंतीतून निघतात आणि एका गोमुखातून कुंडात पडतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. भूगोलाच्या मास्तरांना ही एकत्र जन्माची गोष्ट फारशी मानवत नाही, पण डोंगर एकच आहे हे त्यांनाही कबूल करावे लागते. मला त्यांच्या जन्मापेक्षा पुढच्या वाटा मनात घोळवायला आवडतात. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला भेटते, कोयना कऱ्हाडला भेटते, अगदी समोरासमोर येऊन. मग सगळ्यांची मिळून एक होते आणि पूर्वेकडच्या समुद्राला जाते. सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते, थोडक्यात कोकण ओलांडते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. एका घरात जन्मलेल्या या बहिणी पुन्हा भेटतच नाहीत.

क्षेत्रमाहात्म्यात याचे कारण दिलेले आहे. ब्रह्मदेवाने येथे यज्ञ मांडला. सावित्रीला यायला उशीर झाला आणि मुहूर्त टळेल म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली तो तिची जागा गेलेली! मग तिने देवांना शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. आणि ती स्वतः नदी होऊन त्यांच्याकडे पाठ फिरवून पश्चिमेला निघून गेली. पुजारी ही गोष्ट सांगताना तिच्या तापटपणावर जोर देतात. मला नेहमी वाटते, थोडा वेळ थांबले असते तर काय बिघडले असते? मुहूर्ताची घाई देवांनाच झाली होती. आमचे घर सावित्रीच्या काठावर आहे, तेव्हा माझा निवाडा एकतर्फी असण्याचा संभव आहे.

धाकट्याने गोमुखाखाली ओंजळ धरली. “यातली आपली कुठली?” त्याने विचारले. लहानपणी तो हेच विचारत असे. मी खांद्यावरून हात पुढे करून त्याच्या ओंजळीत हात बुडवला, एवढेच.

महाबळेश्वर गावातून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पोलादपूर येथून चाळीस किलोमीटर. तेराशे मीटरांहून अधिक उंचीवरून तेवढ्या अंतरात रस्ता जवळजवळ समुद्राच्या पातळीवर येतो. पसरणीचा घाट सभ्य म्हटला, तर हा मनस्वी. वर दाट झाडी आहे. जांभूळ, अंजन, हिरडा, त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ. ऊन गाळून खाली पडते आणि रस्ता दुपारीही ओला असतो. मग एकाएकी झाडी संपते, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसते आकाश. समोर मधुमकरंदगडाचा उंच माथा, खाली कोयनेचे रान, आणि उजव्या अंगाला प्रतापगड. १६५६ साली बांधलेला हा गड दुरून पाहिला की तो डोंगरावर बांधलेला वाटत नाही, डोंगरानेच कंबर बांधल्यासारखा वाटतो.

कुंभरोशीला गडाच्या फाट्यावर पिठले-भाकरी खाल्ली. वाढणाऱ्या बाईंनी आम्हाला नवरा-बायको समजून “दादांना तिखट चालेल का?” असे मला विचारले. “भाऊ आहे माझा,” मी म्हटले. त्या खुशीत आल्या, ठेचा अधिक वाढला आणि “माहेराला निघालात जणू,” म्हणाल्या. माहेराला! मी धाकट्याकडे पाहिले. तो भाकरीचा पापुद्रा सोलण्यात गर्क होता.

कुंभरोशीनंतर खरी उतरण सुरू होते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हा रस्ता कित्येक ठिकाणी वाहून गेला होता. त्याच दिवशी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. नाना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. आमच्या घराचे काय झाले हे आठवडाभर कळले नाही, आणि कळले तेव्हा फक्त मागची पडवी गेली होती. रस्ता पुन्हा बांधलेला आहे. पण डोंगराच्या अंगावरचे ते लालभडक ओरखडे अजून कुठे कुठे दिसतात, आणि त्यांच्या खालून जाताना चालवणारा आपोआप गप्प होतो.

धाकटा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवत होता. उतारावर नुसत्या ब्रेकवर विसंबायचे नसते. गिअर खालचा ठेवला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. वेग कमी होता, वारा नव्हता, आणि सकाळपासून प्रथमच एकमेकांचे बोलणे ऐकू येण्याजोगी शांतता होती.

“ताई,” तो पुढे बघतच म्हणाला, “एक कागद आणलाय.”

“काय?”

मला स्वच्छ ऐकू आले होते. पण शिरस्त्राणाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा असे वाटले.

“कागद! घराचा! तुझी सही लागेल!”

“ऐकू आलं. ओरडू नकोस, माकडं बिथरतील.”

खरोखरच कठड्यावर दहा-बारा माकडे बसली होती. ती आमच्याकडे नातेवाइकांसारखी बघत होती.

“मग?”

डावीकडे एक लांब वळण आले. तो झुकला, मीही झुकले. “नाही देणार,” मी म्हटले.

हे मी दिवाणखान्यात त्याच्यासमोर बसून म्हणू शकले असते की नाही, कोण जाणे. त्याचा चेहरा पाहिला असता, त्याच्या डोळ्यांखाली आलेली नानांसारखी सूज पाहिली असती, तर जीभ अडली असती. पण माझ्यासमोर नुसती पाठ होती. पाठीला सांगणे सोपे असते. आणि गंमत अशी, की शरीराने मी अगदी त्याच्या बरोबरीने डावीकडे झुकलेली होते आणि तोंडाने नाही म्हणत होते.

“पैशांचं असेल तर हिशोबाने तुझा वाटा—”

“पैसे नकोत रे मला. नाव हवं.”

“नावाने काय होतं ताई?”

ज्याचे नाव कुठूनच कधी खोडले गेलेले नाही त्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. माझ्या लग्नानंतर आठच दिवसांनी नाना तहसील कचेरीत गेले आणि रेशनकार्डावरून माझे नाव कमी केल्याचा दाखला घेऊन आले. सासरच्या कार्डावर नाव चढवायला तो लागत असे. दाखला देताना ते हसत म्हणाले होते, “घे, तुझी साखर आता तिकडे.” त्यात कोणाची काही चूक नव्हती. नियम होता. त्या दिवसापासून त्या घरातल्या कुठल्याही कागदावर मी नाही. नाना गेल्यावर वारसांची नोंद झाली तेव्हा सात-बाऱ्यावर मी चाळीस वर्षांनी पुन्हा आले, धाकट्याच्या नावाखाली. तो उतारा मी घरी कपाटात ठेवला आहे. वर्षातून एकदा काढून पाहते.

हे सारे मी त्याच्या पाठीला सांगितले, वळणावळणाने, तुटक तुटक. तो काही बोलला नाही. पोलादपूरचा फाटा येईपर्यंत काहीच बोलला नाही. मागे बसणाऱ्याला पुढच्याचा राग कसा कळतो, तर गिअर बदलण्यावरून. मी कान देऊन बसले होते. गिअर बदलत होते ते मऊ बदलत होते. पण पाठ ताठ होती.

खाली भातकापणी चालू होती. उडव्या रचलेल्या, हवेत कोवळ्या पेंढ्याचा वास. महाबळेश्वरची थंडी उतरली आणि कोकणचा दमट ऊबदारपणा अंगाला लपेटला. घराची किल्ली चुलत काकूंकडे होती. त्यांनी आम्हाला मोटारसायकलवरून उतरताना पाहून कपाळावर हात मारला आणि मग दोघांच्याही गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. ओटीवरचा झोपाळा गंजला होता. माजघरात कुबट वास होता. माळ्यावरच्या ट्रंकेत नानांच्या अक्षरातल्या विजेच्या बिलांच्या फायली वर्षवार लावलेल्या सापडल्या. बिल अजूनही त्यांच्याच नावाने येते आणि धाकटा ते भरतो.

रात्री तो ओटीवर निजला, मी माजघरात. मधले दार उघडे होते. कोजागिरीच्या नंतरचा चंद्र उशिरा वर आला. “जागा आहेस का?” मी विचारले. “झोप,” तो म्हणाला. सावित्रीचा आवाज येत होता. लहानपणी तो एवढा मोठा वाटत नसे, की तेव्हा घरात माणसे बोलत असत म्हणून ऐकू येत नसे?

सकाळी काकूंनी चहा आणि घावन आणून दिले. धाकटा झोपाळ्यावर बसला होता. तो समोर बघूनच म्हणाला, “नाव राहिलं तर बँक तुलाही कर्जदार धरील.”

“धरू दे.”

“हप्ता थकला तर तुझ्या दारात माणसं येतील. भाऊजी काय म्हणतील?”

“विम्याचा हप्ता भरलाय का विचारतील. आणि येणाऱ्यांना मी चहा देईन.”

“हसू नकोस ताई. निवृत्तिवेतन आहे तुझं. ते अडकेल.”

हे मात्र मी रात्रभरात मनाशी तोलले नव्हते. नाव मागताना नावाबरोबर काय काय येते याची मोजदाद कोणी करत नाही. मी घावनाचा तुकडा मोडला, चहात बुडवला, खाल्ला. “किती वर्षांचं कर्ज?” मी विचारले.

तो प्रथमच माझ्याकडे वळला. “दहा.”

“म्हणजे मी सत्तरीची होईन. चालेल. पण मग पडवी पुन्हा बांधायची. आणि ती पाहुण्यांना द्यायची नाही.”

“पडवी?” तो म्हणाला. “त्याला चिरा किती लागेल माहीत आहे?”

“नाही. सांग.”

त्याने पिशवी उघडली. लिहायला दुसरा कागद नव्हता. वकिलांचा तो कागद पाठीमागून कोरा होता. धाकट्याने तो मांडीवर उलटा ठेवला आणि चिरे, कौले, वासे, गवंड्याची मजुरी असा हिशोब मांडायला लागला. काकू येऊन जाऊन आपले भाव सांगत होत्या. कौलांचा आकडा त्यांना मान्य नव्हता. मी झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. कड्या फार कुरकुरत होत्या; तेल लागेल तेही मांडून घे, म्हणून मी त्याला सांगितले.

परतीचा प्रवास लांबच लांब झाला. महाडपर्यंत हमरस्ता, माणगावहून निजामपूर, मग ताम्हिणी. ताम्हिणीचे धबधबे आता नुसत्या ओल्या रेघा राहिल्या होत्या. वर चढून आलो आणि मुळशीचे पाणी दिसायला लागले, मैलोगणती पसरलेले. या पाण्याखाली ज्यांची शेते आणि घरे गेली त्यांच्यासाठी १९२१ साली येथे सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. पाणी फार सुंदर दिसत होते. मावळतीचे ऊन त्यावर पडले होते. मी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे पाहिले.

धाकटा काही तरी म्हणाला.

“काय?” मी ओरडले. या खेपेला खरोखरच ऐकू आले नव्हते. वारा फार होता.

त्याने गाडी कडेला घेतली, पाय टेकला आणि शिरस्त्राणाची काच वर केली. “विजेचा मीटर कोणाच्या नावावर करायचा म्हणतोय! नानांच्या नावावर कायमचा ठेवता येणार नाही.”

“तो तुझ्या नावावर कर,” मी म्हटले. “रात्री-अपरात्री वीज गेली तर तक्रार करायला तूच जा.”